एकदा खाली, एकदा वर, आणि गप्प

दट्ट्याकाका कोणाच्याही घरी गेले की आधी बसत नसत, आधी दाबत. सोफा असला तर सोफा, खुर्ची असली तर खुर्ची. दोन्ही तळहात टेकवायचे, सगळा भार द्यायचा, झटकन हात काढायचे आणि मान तिरकी करून बघत राहायचं. वस्तू एकदा खाली गेली, एकदा वर आली आणि गप्प झाली, की काका खूश. दोनदा उसळली की त्यांचा चेहरा पडायचा. तीनदा उसळली तर ते सरळ जमिनीवर फतकल मारायचे. लग्नाआधी पहिल्यांदा सासऱ्यांकडे गेले तेव्हा त्यांनी सासऱ्यांच्या कोऱ्या करकरीत सोफ्यालाही असाच दाब दिला आणि "यात काही राम नाही" असं भर बैठकीत जाहीर करून टाकलं. सासरे लालबुंद झाले. आतल्या दारामागे मात्र कोणीतरी फिसकन हसलं, आणि ते हसणारं माणूस गेली तेहेतीस वर्षं काकांच्या घरात काकू म्हणून नांदत होतं.

हा दाबण्याचा नाद त्यांना धंद्याने लावला होता. स्कूटरच्या चाकापाशी धक्का पिणारी जी नळी असते, जिला गॅरेजात शॉकअप म्हणतात, ती दुरुस्त करण्यात काकांची पस्तीस वर्षं गेली होती. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. खड्डा आला की दट्ट्या तेलातून वाट काढत सरकतो, आणि वाट काढता काढता धक्क्याची मस्ती जिरते. हे ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगत, गिऱ्हाइकाला ऐकायचं असो वा नसो. म्हणून नाव पडलं दट्ट्या. वय वाढलं तसं त्याला काका लागलं. गॅरेज सोडल्यावर ते दारं हळू लावणाऱ्या नळ्या बसवून देऊ लागले, कारण तिथेही आत तेल आणि दट्ट्याच होता. दट्ट्याशिवाय त्यांना करमत नसे.

माणसांनाही ते त्याच मापाने मोजत. काकूंचा राग एकदा खाली, एकदा वर आणि गप्प. म्हणून संसार झाला, असं ते चारचौघांत सांगत आणि काकूंच्या रागाला आणखी एक संधी देत. एकच माणूस त्यांच्या मापात कधी बसलं नाही. ते म्हणजे अक्का.

अक्का काकांची थोरली बहीण, सहा वर्षांनी मोठी. लहानपणी कुत्र्याने काकांची चप्पल पळवली तेव्हा कुत्र्याच्या मागे धावून ती तोंडातून ओढून आणणारी. पुढे चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात लागली आणि हात असा बसला की काचेवरचा ओरखडा डोळ्यांना दिसायच्या आधी तिच्या नखाला कळायचा. लग्न केलं नाही. "मला कोणी विचारलं नाही असं नाही, मी कोणाला उत्तर दिलं नाही," एवढंच म्हणायची. स्वतःच्या कमाईवर पाचव्या मजल्यावर स्वतःचं घर घेतलं, स्वयंपाकघराच्या खिडकीत खुर्ची टाकली, आणि रोज चार वाजता तिथे बसून चहा प्यायची. कोणी मधे बोललेलं चालत नसे.

ही खिडकी ज्या इमारतीत होती तिला सगळे लंबू म्हणत. नऊ मजली, सडपातळ, हिरवी. तिला खेटून, जेमतेम वीतभर फटीने, उभी होती बुटकी. पाच मजली, रुंद, पिवळी. बुटकीत तळमजल्यावर दट्ट्याकाका राहत. बुटकीची गच्ची बरोबर अक्काच्या खिडकीच्या उंबऱ्याला लागत होती. मधल्या वीतभर फटीत दोन्हीकडच्या मुलांचे चेंडू, चिमटे आणि एक चमचा पडलेला होता. त्यांवर हक्क कोणाचा, या प्रश्नावर दोन्ही कमिट्यांचं अकरा वर्षं वाजलेलं होतं.

मग एके दिवशी इमारतींचंच वाजलं. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी जमीन हलली. तशी काही फार नाही, फडताळातली भांडी खणखणली इतपत. पण लंबू उंच, ती सावकाश डोलायची. बुटकी आखूड, ती भराभर हलायची. एक डावीकडे निघाली तेव्हा दुसरी उजवीकडून परत येत होती, आणि बुटकीच्या गच्चीचा काठ लंबूच्या पाचव्या मजल्याच्या खांबावर धाडकन आदळला. एकदा नाही, चारदा. खांब अक्काच्या स्वयंपाकघरातला. अक्का त्या वेळी खिडकीत चहा पीत होती. कप उंबऱ्यावर टाकून, एका पायात चप्पल घालून ती पाच मजले कशी उतरली हे तिचं तिला कळलं नाही. ती काकांच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "धाकट्या, चार दिवस राहते."

त्याला आता चौदा महिने झाले होते.

चौदा महिन्यांत काकांच्या घरातलं सगळं सामान जमिनीवर आलं होतं. अक्काचा नियम होता, गुडघ्याच्या वर काही ठेवायचं नाही. डबे जमिनीवर, आरसा जमिनीवर, घड्याळ जमिनीवर. वेळ बघायला काका ओणवे होत. चालताना सगळ्यांची बोटं ठेचत. टेबलावर एक पाण्याचा ग्लास काठोकाठ भरून ठेवलेला असे आणि त्यात तरंग उठला की अक्का ओरडे, "बाहेर!" मग काय बिशाद कोणाची आत थांबायची. वास्तविक रस्त्याने ट्रक गेला तरी तरंग उठे. महिन्यात वीसदा तरी सगळं घर अंगणात उभं असे. एकदा काकू डोक्याला साबण लावलेल्या, अंगाला चादर गुंडाळून. समोरच्या आपल्या औषधांच्या दुकानातून बुटकीच्या सेक्रेटरीबाईंनी विचारलं, "काय हो, पाणी गेलं का?" काकू म्हणाल्या, "नाही हो, ट्रक गेला."

काकू अक्काला एका शब्दाने बोलल्या नाहीत, हे मानायला हवं. पण काकांना वेगळंच सलत होतं. अक्काने कारखाना सोडला होता. पायऱ्या चढायच्या म्हटलं की तिच्या पायांना कापरं भरे, आणि कारखाना दुसऱ्या मजल्यावर. ती दिवसभर दाराजवळ पिशवी मांडीवर घेऊन बसे. चहा द्यावा तर दोन घोट घेऊन उरलेला तसाच ठेवी, म्हणे, "नको रे, मधेच उठावं लागलं तर?" कुत्र्याच्या तोंडातून चप्पल काढणारी आपली बहीण ग्लासातल्या पाण्याला भिते, हे काकांना बघवत नसे.

"अक्का, घरी कधी जाशील?" एकदा त्यांनी धीर करून विचारलं.

"त्या दोघी एकमेकींना मारायच्या थांबल्या की जाते."

"आणि नाही थांबल्या तर?"

"तर मी आहेच की इथे," अक्का म्हणाली आणि काकूंनी आत काहीतरी जोरात खाली ठेवलं. अर्थात जमिनीवरच.

अशात सरकारकडून एक इंजिनिअर पोरगी इमारती बघायला आली. पंचविशीची, खांद्याला पिशवी, डोक्यावर हेल्मेट, आणि बोलण्यात घाई. तिने दोन दिवस दोन्ही इमारतींना तारा लावून त्यांची हालचाल मोजली. मग दोन्ही कमिट्यांना अंगणात बोलावलं. एका बाजूला लंबूचे अध्यक्ष, निवृत्त ड्रॉइंगमास्तर. दुसऱ्या बाजूला सेक्रेटरीबाई. मधे वीतभर फट, ती इथेही सोडलेली.

पोरगी म्हणाली, "दोन उपाय आहेत. एक तर बुटकी पाडा."

"का? लंबू पाडा!" सेक्रेटरीबाई उसळल्या.

"नाही तर दोघींना जोडा. बुटकीच्या गच्चीवर सहा डॅम्पर आडवे बसवायचे. म्हणजे जाड नळ्या. एक टोक बुटकीला, एक टोक लंबूला. आत दाट तेल, तेलात पिस्टन. हलताना दोघींमधलं अंतर कमी-जास्त झालं की पिस्टन सरकतो आणि…"

मागच्या रांगेतून दट्ट्याकाका उभे राहिले. त्यांचा आवाज चिरकला होता.

"पिस्टनला भोकं आहेत का?"

पोरगी चमकली. "आहेत."

"बारीक?"

"बारीक."

काका मटकन खाली बसले आणि लगेच परत उठले. त्यांना आनंदाने बसवेना. "अहो, म्हणजे हा शॉकअप आहे! इमारतीचा शॉकअप! अहो, मी पस्तीस वर्षं हेच करतोय!" त्यांनी शेजारच्या माणसाच्या दोन्ही खांद्यांवर तळहात टेकवून त्याला दाबलं आणि सोडलं. तो बिचारा तीनदा उसळला.

पण ड्रॉइंगमास्तरांना पटेना. ते म्हणाले, दोन इमारतींचा स्वभावच वेगळा, त्यांना एकत्र बांधून काय भलं होणार? पोरगी आकडे सांगू लागली तशा सगळ्यांच्या माना डुलायला लागल्या. तेव्हा काका पुढे आले.

"मास्तर, मी आणि अक्का लहानपणी एका गादीवर झोपायचो. ती झोपेत लाथा मारायची. मी पण मारायचो. पण तिची लाथ सावकाश आणि माझी घाईची. रोज रडारड. मग आईने मधे उशी ठेवली. लाथा चालूच राहिल्या, रडारड थांबली."

"काका, उशी म्हणजे स्प्रिंग झाली," पोरगी कळवळून म्हणाली. "हे तसं नाही. हे परत ढकलत नाही."

"अगं, आमची उशी जुन्या कापसाची होती. दाबली की दाबलेलीच. तिच्यात परत ढकलण्याइतकी धमक कुठे!"

"मग बरोबर आहे," पोरगी म्हणाली. "आणि मास्तर, स्वभाव वेगळा आहे म्हणूनच जमेल. दोघी एकसारख्या हलल्या असत्या तर पिस्टन जागचा सरकलाच नसता. काही उपयोग झाला नसता."

हे मात्र दोन्ही बाजूंना पटलं. आपण शेजाऱ्यांसारखे नाही, हे सरकारी शिक्क्याच्या माणसाने सांगितल्यावर दोघांनाही बरं वाटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा ठराव एकमताने मंजूर झाला.

अक्का दाराजवळून सगळं ऐकत होती. तिने पोरीला हाक मारली. "अगं ए, मग हलायचं थांबेल ना?"

"थांबणार नाही, मावशी. कमी होईल. हेलकावे येतील, पण आदळणार नाहीत."

"किती कमी?"

पोरगी उत्तर जुळवत होती, तेवढ्यात काका बोलून गेले, "तुझा चहा सांडणार नाही, अक्का. एक थेंब नाही."

"काका!" पोरगी हळूच म्हणाली. "असा शब्द देऊ नका हो."

पण शब्द गेला तो गेला. अक्काने तो पदरात बांधून घेतला होता.

डॅम्पर आले त्या दिवशी काकांना जेवण गेलं नाही. प्रत्येक नळी माणसाच्या उंचीची, एका बाजूला जाड नळकांडं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आलेला गुळगुळीत दांडा, आरशासारखा. काकांनी सवयीने तळहात टेकवून दाबलं. काही हललं नाही. अंग टाकून दाबलं. नाही. शेवटी ते त्यावर पालथे पडले, आणि गाडीवरचे हमाल हसायला लागले. काका मात्र पालथे पडल्या पडल्या म्हणाले, "वा! काय माल आहे!" पोरीने त्यांना तिथेच आपल्या माणसांत घेऊन टाकलं, कारण एरवीही ते गेले नसतेच.

आणि उपयोगही झाला. बुटकीच्या तुळईला नळी धरणारा लोखंडी कंस बसवताना एक बोल्ट अर्धाच गेला होता, ते त्यांनी पान्याच्या आवाजावरून ओळखलं. एका नळीच्या तोंडाशी बोट फिरवून "इथे ओल येतेय" म्हणाले, तर खरंच निघाली, आणि ती नळी बदलून आणली. प्रवासासाठी दांडे जखडून ठेवणाऱ्या लाल पट्ट्या होत्या. त्या सोडायला हव्यात, नाही तर नळी नुसती लोखंडाची कांब होईल, म्हणून काकांनी सहाही पट्ट्या स्वतः सोडल्या आणि मोजून खिशात घातल्या. चालताना त्यांचा खिसा वाजत असे. आठवडाभर ते लग्नघरातल्या मुलीच्या बापासारखे गच्चीवर वर-खाली करत होते. खाली आले की अक्काला सगळं साग्रसंगीत सांगत. अक्का "हूं" म्हणे आणि ग्लासाकडे बघे.

शेवटचं काम उरलं होतं ते दांड्यांवर धूळ बसू नये म्हणून रबरी मोजे चढवायचं. मोजे दुसऱ्या गावाहून यायचे होते. पोरगी आपल्या वरिष्ठांकडे गेली होती, म्हणून काका स्वतः आणायला गेले. एक दिवसच. सकाळी गेले, दुसऱ्या दिवशी दुपारी मोजे खांद्यावर टाकून परत आले. अंगणात दोन्ही कमिट्या उभ्या होत्या. दोन्हीकडे हसू. काकांना तिथेच शंका यायला हवी होती.

"काका, वर चला, गंमत दाखवतो," ड्रॉइंगमास्तर म्हणाले.

काका गच्चीवर गेले आणि त्यांच्या खांद्यावरचे मोजे गळून पडले.

सहाही डॅम्पर रंगवलेले होते. झालं होतं असं, की उद्घाटन देखणं व्हावं म्हणून सेक्रेटरीबाईंनी बुटकीकडची नळकांडी पिवळी करून घेतली. ते बघून लंबूच्या कमिटीचं पित्त खवळलं. नळकांडं तुमचं तर दांडा आमचा, असं म्हणून मास्तरांनी स्वतः, निवृत्तीनंतर पहिल्यांदा, कुंचला हातात घेतला आणि सहाही आरशासारखे दांडे हिरवेगार करून टाकले. काम मात्र सुबक होतं. कडेला एक ओघळ नाही.

"मास्तर," काका म्हणाले. "मास्तर, हा दांडा आत जातो हो. नळीच्या तोंडाशी रबराची कडी आहे. हा रंग त्या कडीला फाडून आत जाईल आणि तेल बाहेर येईल. पहिल्याच धक्क्याला."

मास्तरांच्या चेहऱ्याचा रंग उडाला, दांड्यांचा मात्र जागचा हलला नाही.

काकांनी पोरीला फोन लावला. ती म्हणाली, "काका, ब्लेड लावू नका, काचकागद लावू नका. एक ओरखडा पडला तरी तो दांडा बाद. परत कारखान्यात पाठवावा लागेल, आणि नवा यायला सहा महिने. रंग काढायचं औषध मऊ फडक्याला किंचित लावून पुसा. पण ते औषध रबराच्या कडीपर्यंत जाता कामा नये. रंग पुरता वाळायच्या आत करा. जमेल का?"

"जमेल," काका म्हणाले आणि फोन ठेवून आपल्या हातांकडे बघत राहिले. पस्तीस वर्षं पाना फिरवलेले हात. हे हात लोखंड दाबायचे. आरसा पुसायचं काम त्यांचं नव्हतं. त्यांनी एका टोकाला फडकं लावून पाहिलं, तर हिरवा रंग निघायच्या ऐवजी नुसता माखला.

सहा महिने. अक्का अजून सहा महिने पिशवी मांडीवर घेऊन बसणार. काकांनी गच्चीच्या कठड्यावरून खाली वाकून हाक मारली. ती हाक मारायची आहे असं त्यांनी ठरवलंही नव्हतं.

"अक्काऽऽ!"

अक्का दारातून अंगणात आली. "काय रे? हललं का?"

"नाही हलत! हलूच नये असं करून ठेवलंय यांनी! काच पुसायची आहे, अक्का! सहा! ओरखडा न पाडता! मला नाही जमत!"

"मी नाही चढायची."

"बरं!" काका ओरडले. "मग मी बिघडवतो!"

खालून अक्काचा आवाज आला, जुना, कुत्र्यामागे धावतानाचा. "हात लावलास तर तंगडं मोडीन!"

काकू सांगतात, अक्का पायऱ्या चढली ती डोळे मिटून. एका हाताने काकूंचा खांदा, दुसऱ्याने कठडा. प्रत्येक मजल्यावर थांबून ती बुटकीला, लंबूला, मास्तरांना आणि काकांना एकेक शिवी घालत होती. पाचव्या मजल्यापर्यंत शिव्या पुरल्या. गच्चीवर आल्यावर तिने डोळे उघडले ते थेट दांड्यावर. आणि मग तिला दुसरं काही दिसलंच नाही.

"मऊ सुती फडकी आणा. जुनी, धुतलेली. शिवण असेल तर कापून टाका, शिवणीने ओरखडा जातो. अंगठ्या काढा सगळ्यांनी. मास्तर, तुम्ही लांब बसा."

तिने नळीच्या तोंडाशी कोरड्या फडक्याची पट्टी बांधली, म्हणजे औषध रबराकडे जायला नको. मग फडक्याचं टोक जेमतेम ओलं करून, कडीपासून लांब, एकाच दिशेने पुसायला लागली. घासत नव्हती. नुसतं नेत होती. दर दोन बोटांनी फडक्याची नवी घडी. मग नखाची कड अलगद फिरवून बघायची. अर्ध्या तासाने पहिल्या दांड्यात तिचा चेहरा दिसला. तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं, केस सारखे केले, आणि म्हणाली, "पुढचा."

संध्याकाळपर्यंत सहाही झाले. दोन्ही इमारतींच्या बायका आणि पुरुष रांगेने फडक्यांच्या घड्या करून देत होते. मास्तरांना शेवटी शेवटी एक फडकं मिळालं तेव्हा ते जवळपास रडले. सेक्रेटरीबाईंनी त्यांना पाणी दिलं. काकांनी मोजे चढवले, वरून पट्टे आवळले, आणि हसत सुटले. ते इतके हसले की काकूंना त्यांना धरून खाली बसवावं लागलं. एकदा खाली, एकदा वर करत ते चांगले पाचदा उसळले, आणि गप्प होईनात.

अक्का उभी होती. गच्चीपलीकडे, वीतभर फटीपलीकडे, तिची स्वतःची खिडकी होती. उंबऱ्यावर चौदा महिन्यांपूर्वीचा कप तसाच, तळाशी काळा डाग धरलेला. तिने त्या कपाकडे बघितलं, मग पायांकडे बघितलं, आणि तिला आठवलं की आपण पाचव्या मजल्यावर आहोत. "मला खाली न्या," ती बारीक आवाजात म्हणाली. तिला खाली नेलं. त्या रात्रीही ती दाराशीच झोपली.

पण दुसऱ्या दिवसापासून एक नवीनच सुरू झालं. "माझे दांडे बघून येते," असं म्हणत ती रोज पायऱ्या चढू लागली. मोजे चढवल्यावर दांड्यांत बघण्यासारखं काय उरलं होतं, देव जाणे. पण कोणी विचारलं नाही. काकूंनी एके दिवशी घड्याळ हळूच भिंतीवर टांगलं. अक्काने बघितलं आणि ते उतरवलं नाही. तेविसाव्या दिवशी ती लंबूचा जिना चढली, आपलं दार उघडून घर झाडायला म्हणून.

नेमक्या त्याच दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, काका औषधांच्या दुकानाच्या दारावर नळी बसवत होते. स्क्रू अर्धा गेला आणि दार आपणहून उघडलं. मग मिटलं. मग परत उघडलं. काकांनी आधी नळीकडे संशयाने पाहिलं. मग फडताळातल्या बाटल्या किणकिणू लागल्या आणि सेक्रेटरीबाई किंचाळल्या, "बाहेर!"

दोन्ही इमारती अंगणात ओतल्या. कोणाच्या हातात लाटणं, कोणाच्या हातात मांजर. मास्तर सदऱ्याच्या एकाच बाहीत हात घातलेले. सगळ्यांच्या नजरा वर, त्या फटीकडे. सगळे एका आवाजाची वाट बघत होते. जमीन पायाखालून हलतच होती आणि तो आवाज काही येत नव्हता. लंबू सावकाश डोलत होती, बुटकी भराभर हलत होती, आणि गच्चीवरून नुसता एक सुस्कारा ऐकू येत होता. मोठं माणूस खुर्चीत टेकताना टाकतं तसा. मग तोही थांबला.

"आदळली नाही!" कोणीतरी ओरडलं, आणि मग जो गलका झाला त्यात मास्तर सेक्रेटरीबाईंशी चक्क हस्तांदोलन करताना दिसले.

"अक्का कुठाय?" काकू म्हणाल्या.

काकांनी लंबूच्या जिन्याकडे धाव घेतली. जमीन हलल्यावर जिना चढायचा नसतो, हे अक्कानेच त्यांना चौदा महिने शिकवलं होतं. पाच मजले ते चढले ते दारावरची नळी एका हातात, स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या हातात. तिसऱ्या मजल्यावर दम संपला. चौथ्यावर त्यांना वाटलं, शब्द दिला नसता तर बरं झालं असतं. दार उघडंच होतं.

अक्का खिडकीत खुर्चीवर बसली होती. पुढ्यात गच्ची, सहा मोजे, आणि हातात तोच कप. स्वच्छ घासलेला. डाग नाही.

"अक्का, खाली का नाही आलीस?"

"मोजत होते." तिने वळूनही बघितलं नाही. "तुझं ते एकदा खाली, एकदा वर नाही हं धाकट्या. नऊ वेळा मोजे आवळले आणि सैल झाले. नऊ. पण आवाज नाही. मग गप्प."

काका नळीसकट भिंतीला टेकून जमिनीवर बसले. धाप, हसू आणि रडू एकदमच आल्यामुळे त्यांना कशाचंच धड काही करता येईना. बोलायचं म्हणून ते म्हणाले, "आणि चहा? मी शब्द दिला होता."

अक्काने कप उचलून तळ दाखवला. रिकामा. शेवटच्या घोटापर्यंत प्यायलेला. मग तिने बशी तिरकी करून त्यांच्यापुढे धरली.

"दोन थेंब सांडले," ती म्हणाली. "तेवढ्यासाठीच तर बशी असते."